उपाशी सुरय

विठोजी लाडांनी वयाच्या चौपन्नाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता. बेंगळूरहून तो एका रात्रीच्या गाडीवर, पण तिकडे जायचं कधी कारणच पडलं नाही. तरी समुद्रावरचे पक्षी त्यांच्या बोटांना चांगले ओळखीचे होते, कारण गेली चौतीस वर्षं ते एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मेलेल्या पक्ष्यांमध्ये पेंढा भरायचं काम करत होते.

त्यांचे वडील चिकपेटेत कोट शिवायचे. घराणं कधीकाळी फौजेबरोबर दख्खनेतून इकडे उतरलेलं, आणि फौज विरून गेल्यावर शिवणकामात शिरलेलं. विठोजींच्या हाती सुई आली ती त्या दुकानातच. पण ते एकोणीस वर्षांचे असताना दुकानात कोट शिवायला आलेल्या एका मास्तरांनी त्यांचा बारीक टाका पाहिला आणि कॉलेजच्या संग्रहालयाला असा हात हवा आहे म्हणून सांगितलं. विठोजी गेले ते तिथलेच झाले. पेंढा हे नुसतं म्हणायला. खरं तर आत कापूस भरायचा. पोटावर उभी चीर द्यायची, आतलं धड सोडवून काढायचं, कातडीला आतून टाकणखार चोळायचा, कापूस भरायचा आणि असं शिवायचं की पिसं खाली बसली की टाका कुठे घातला ते शिवणाऱ्यालाही सापडू नये. घरी त्यांची बायको जमनाबाई साड्यांना फॉल लावून द्यायची. दोघांचे डोळे एकाच वर्षी अधू झाले आणि चिकपेटेच्या एकाच दुकानातून दोघांनी चष्मे आणले.

समुद्रपक्षी वर्षा-दोन वर्षांत एखादाच यायचा. जून-जुलैत पश्चिमेचा वारा पिसाळला की किनाऱ्यावरचा एखादा पक्षी त्यात सापडायचा, घाटावरून इकडे फेकला जायचा आणि कुणाच्या तरी गच्चीवर पडायचा. बहुतेक वेळा तो सुरय असायचा. पाठ काजळासारखी काळी, पोट पांढरंशुभ्र, पंख ताणले तर हातभर लांब. दिसायला देखणा, पण विठोजींना त्याचं काम नकोसं व्हायचं. त्याच्या कातडीखाली लोण्यासारखी पिवळी चरबी असायची. ती खरवडायला, लाकडाचा भुसा चोळचोळून सुकवायला अर्धा दिवस जायचा. काही केलं तरी थोडी राहायचीच, आणि आठवड्या-दोन आठवड्यांतच पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर तिचे पिवळे डाग उमटायचे. बोटांचा माशाचा वास दोन दिवस जायचा नाही. तेवढे दोन दिवस जमनाबाई त्यांना स्वयंपाकघरात भांड्याला हात लावू द्यायची नाही.

१९९७च्या जूनमध्ये जयनगरहून नरसिंहराव नावाचे एक निवृत्त गृहस्थ बुटाच्या खोक्यात एक सुरय घेऊन आले. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना सापडला म्हणाले. हातात घेतला तेव्हा डोळे उघडे होते, दूध पाजायला गेलो तर मान टाकली. विठोजींनी त्यांचे आभार मानले, खोकं मेजावर ठेवलं आणि भुशाचा डबा जवळ ओढला.

भुसा लागलाच नाही. कातडी उलटली तर आतून ती कोरडी, जुन्या कागदासारखी. चरबीचा पुसट थरही नव्हता. छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जिथे मांस असायला हवं तिथे खळगे. जठर चिरलं तर त्यात काही नव्हतं, फक्त माशाच्या डोळ्यातलं एक बारीक, गोल, पांढरं भिंग. तेवढं पचत नाही म्हणून राहिलेलं. विठोजींचं काम तासाभरात उरकलं. त्या दिवशी ते लवकर घरी गेले, आणि हाताला वास कसा नाही म्हणून जमनाबाईला बरं वाटलं. काम सोपं झालं याचं विठोजींना मात्र बरं वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात कोरमंगलाहून दुसरा आला, मग लालबागेतल्या तळ्याकाठचा तिसरा. ऑगस्ट संपेपर्यंत नऊ झाले. नऊच्या नऊ कोरडे. वादळात सापडलेला सुरय दमलेला असतो, तरी दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. यातला एकही सव्वाशेवर गेला नाही. त्याहून विठोजींना खटकली ती दुसरी गोष्ट. शेवटचे तीन आले त्या दिवसांत वारा पडलेला होता. शहरात पान हलत नव्हतं. मग यांना इथवर आणलं कुणी? कोणी ढकललं नव्हतं, ते आपणहून आले होते. समुद्राकडे पाठ करून जमिनीवर, जिथे त्यांना खायला काहीही नाही, तिथे.

विभागप्रमुख प्राध्यापक भीमाचार्य हे पुस्तकातले मोठे अभ्यासक, पण सोवळ्याचे. उभ्या नोकरीत त्यांनी मेलेल्या प्राण्याला बोट लावलं नव्हतं. चिमट्याने दाखवायचे, नाहीतर विठोजींना धरायला सांगायचे. विठोजींनी नववा पक्षी त्यांच्या मेजावर ठेवला आणि कानडीत म्हणाले, सर, याला एकदा हात लावून बघा. विठोजींनी आजवर त्यांच्याकडे असं काही मागितलं नव्हतं. भीमाचार्यांनी दोन बोटं पक्ष्याच्या छातीवर ठेवली आणि लगेच मागे घेतली. रोग आहे का, त्यांनी विचारलं. नाही सर, उपासमार आहे, विठोजी म्हणाले. त्याच दुपारी भीमाचार्यांनी शहरातल्या एका संशोधन संस्थेला पत्र लिहिलं.

पत्राचं उत्तर म्हणून चार दिवसांनी अंजली स्कूटरवर आली. पुण्याची, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, समुद्रपक्ष्यांवर पीएचडी करणारी. कोरमंगलात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. कॉलेजात कुणी मराठी बोलतं हे कळल्यावर तिला हायसं वाटलं, पण विठोजींची मराठी तिला पहिले दोन दिवस निम्मीच कळली. ते "स्वल्प थांबा" म्हणायचे, कुठल्याही गोष्टीला बरं म्हणायच्या ऐवजी "सरी" म्हणायचे, आणि तिला अंजलीअक्का म्हणायचे. मी तुमच्या मुलीएवढी आहे, ती म्हणाली. इथे असंच म्हणतात, म्हणून त्यांनी विषय संपवला. ती त्यांना आधी काका म्हणे, मग इतरांचं ऐकून अण्णा म्हणू लागली.

विठोजींनी तिला कपाटाचा खालचा खण उघडून दाखवला. चौतीस वर्षांतले सगळे सुरय तिथे रांगेत निजवलेले होते. जुन्यांच्या चिठ्ठ्या चरबीने पिवळ्या पडलेल्या. शेवटच्या नऊ चिठ्ठ्या पांढऱ्या. अंजली बराच वेळ खणापुढे उकिडवी बसून होती.

मग तिने त्यांना समजावून सांगितलं. पॅसिफिकमध्ये या वर्षी पाणी विचित्र तापलंय, ते पेपरात येतंय. पण आपल्याकडचा समुद्रही तापतोय, त्याबद्दल कुणी लिहीत नाही. सुरयला पाण्यात बुडी मारता येत नाही, त्याची पिसं भिजतात. तो वरच्या वीतभर पाण्यातलंच उचलतो. खालून कुपा नावाचे मोठे मासे बारीक माशांना वर रेटतात, ते उसळले की हा वरून टिपतो. वरचं पाणी तापलं की बारीक मासे खालच्या गार पाण्यात जातात आणि त्यांच्यामागे कुपाही जातो. वर काही उरत नाही.

"म्हणजे अन्न आहे, पण चोच पोचत नाही," विठोजी म्हणाले.

"हो."

"आमच्यापर्यंत नऊ आले. तिकडे किती असतील?"

अंजलीने खण हळूच आत सरकवला. "अण्णा, समुद्रापासून इथपर्यंत उडत यायला ताकद लागते," ती म्हणाली. "जे इथे पडले, ते त्यांच्यातले सगळ्यात धट्टेकट्टे असणार."

पुढच्या मार्चमध्ये ती लक्षद्वीपच्या बाजूच्या एका लहान बेटावर जाणार होती. तिथे माणूस राहत नाही; सुरय अंडी घालायला येतात. पिल्लांची रोज वजनं घ्यायला तिला सवयीचा हात हवा होता, आणि मेलेल्या पिल्लांची कातडी जागेवरच नीट काढणारा माणूसही. तिने विठोजींना मागून घेतलं. भीमाचार्यांनी सही केली. जमनाबाईचं मन नव्हतं. या वयात बोटीत बसून कुठे जायचं, पोहायला तरी येतं का, असं तिने विचारलं. येत नाही, विठोजी म्हणाले. पण निघायच्या आदल्या दिवशी तिनेच त्यांच्या पिशवीत लोकरीची टोपी, लिंबाचं लोणचं आणि अर्धा किलो चिवडा भरला.

कोचीपर्यंत गाडी, पुढे जहाज, आणि तिसऱ्या दिवशी वस्तीच्या एका बेटावर ते उतरले. तिथून पक्ष्यांचं बेट मोटारबोटीने पाऊण तासावर होतं. रोज पहाटे कोया नावाचा मच्छीमार त्यांना तिथे न्यायचा आणि उन्हं कलायला लागली की परत आणायचा. पहिल्या सकाळी बोट सुटल्यावर विठोजींनी काठावरून हात खाली सोडला. पाणी कोमट होतं, आंघोळीला काढून ठेवल्यासारखं. समुद्र असाच असतो असं त्यांना वाटलं. कोयाने ते पाहिलं आणि मोडक्या हिंदीत सांगितलं की नाही, असा नसतो. त्याच्या वडिलांनीही असा पाहिला नव्हता.

बेट म्हणजे वाळूचा एक लांबट ढीग, झाड नाही, झुडूप नाही. पाच मिनिटांत एका टोकाचं दुसरं टोक. पण त्यावर पक्षी इतके की पाऊल टाकायला जागा नाही, आणि ओरडा असा की शेजारच्या माणसाला ओरडून सांगावं लागायचं. विठोजींनी आयुष्यभर हा पक्षी गप्प असलेलाच पाहिला होता. त्यांना खणातल्या आपल्या पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या रांगा आठवल्या आणि उगाच लाजल्यासारखं झालं.

अंजलीने एकशेचाळीस घरट्यांजवळ आकडे रंगवलेल्या खुंट्या ठोकल्या. घरटं कसलं, वाळूतला नुसता खोलगट डाग. त्यात एक अंडं, आणि थोड्या दिवसांनी एक पिल्लू. विठोजी पिल्लू कापडी पिशवीत घालायचे, ताणकाट्याला अडकवायचे आणि आकडा सांगायचे, अंजली लिहायची. नियम तिने पहिल्याच दिवशी घालून दिला होता. काही झालं तरी त्यांना खायला घालायचं नाही, सावली करायची नाही, पाणी द्यायचं नाही. आपण फक्त बघायला आलोय. विठोजी सरी म्हणाले.

पहिला आठवडा आकडे वाढत होते. दुसऱ्या आठवड्यात ते थांबले. मग उतरायला लागले, एकेका खुंटीशी दोन ग्रॅम, तीन ग्रॅम. मोठे पक्षी उजाडायच्या आत समुद्रावर निघून जायचे आणि पूर्वी दुपारपर्यंत परतायचे, ते आता बोट परत निघेपर्यंत दिसायचे नाहीत. आले तर पिल्लू चोचीवर टोचे मारत राहायचं, आणि मोठा पक्षी गळा वाकवून काहीतरी वर आणायचा प्रयत्न करायचा. येत काही नव्हतं. काही जण दोन दिवसांनी येऊ लागले. काही तीन दिवसांनी. काही आलेच नाहीत. अंजली बोटीच्या काठावरून दोरीने तापमापक सोडायची. तीस होतं ते एकतीस झालं, एप्रिल सरता सरता बत्तीसच्या वर गेलं. समुद्र ताटात वाढून ठेवल्यासारखा सपाट, एक लाट नाही.

एका सकाळी कोयाने मधेच इंजिन बंद केलं आणि खाली बोट दाखवलं. पाणी एवढं नितळ होतं की चार माणूस खोलीवरचा तळ दिसत होता. तिथे रंगीत पोवळ्यांचं रान असतं, ते विठोजींनी आधी रोज पाहिलं होतं, पिवळं, जांभळं, तपकिरी. आता ते सगळं तापलेल्या पाण्याने पांढरं पडलं होतं. चुन्याने सारवल्यासारखं, एका टोकापासून नजर पोचेल तिथपर्यंत. कोयाने इंजिन पुन्हा सुरू केलं, पण त्या दिवशी येता-जाता त्याने गळ टाकला नाही.

बेटावरचा ओरडा त्यानंतर कमी होत गेला. एकदम नाही. आज जरा कमी, उद्या आणखी जरा. मग एके दिवशी विठोजींच्या ध्यानात आलं की आपण साध्या आवाजात बोलतोय आणि अंजलीला ते ऐकू येतंय.

मेलेली पिल्लं ते एका बाजूला घेऊन बसायचे, चिरायचे, आणि सगळ्यांच्या आत तेच असायचं. काही नाही.

सत्तेचाळीस नंबरच्या खुंटीचं पिल्लू जरा वेगळं होतं. विठोजी जवळ उभे राहिले की ते त्यांच्या सावलीत येऊन बसायचं. नियमाप्रमाणे ते बाजूला सरकायचे. पिल्लू पुन्हा सावलीत यायचं. असं तीन दिवस झालं. चौथ्या दिवशी अंजली बेटाच्या दुसऱ्या टोकाला असताना विठोजींनी कोयाच्या आमिषाच्या डब्यातला कच्च्या कुप्याचा नखाएवढा तुकडा काढला आणि पिल्लापुढे धरला. पिल्लाने तो बोटासकट ओढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन तुकडे दिले. तिसऱ्या दिवसापासून कोया स्वतःच त्यांच्यासाठी थोडे बाजूला काढून ठेवू लागला. हे कुणाला सांगायचं नाही असं त्यांच्यात कधी ठरलं नव्हतं. पण सांगितलं कुणीच नाही.

विठोजी वजन मात्र खरं सांगत राहिले. आणि वजन वाढत होतं.

ते अंजलीला दिसणारच होतं. सगळीकडे आकडे उतरत असताना एक ओळ वर चढत होती. तिने दोनदा पिशवी काट्याला अडकवायला लावली. मग ती वाळूत बसली आणि कितीतरी दिवसांनी हसली. एक तरी जोडी कुठेतरी मासे शोधतेय अण्णा, ती म्हणाली. कुठे जातात ते कळलं पाहिजे. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली, वहीत नकाशे काढत बसली, आणि मुक्काम आठवडाभर वाढवता येईल का हे कोयाला विचारून आली. विठोजी निम्म्या जेवणावरून उठले. सांगायचं त्यांनी त्याच वेळी ठरवलं होतं, पण तिचा चेहरा पाहून उद्या सांगू म्हणाले. उद्याचे तीन दिवस झाले.

चौथ्या सकाळी त्यांनी सगळ्या खुंट्यांची फेरी पुरी केली तेव्हा एकशेएकोणचाळीस जागा रिकाम्या होत्या, किंवा तिथे जे होतं त्याचं वजन करण्यात अर्थ नव्हता. सत्तेचाळीसवर पिल्लू उभं होतं, विठोजींकडे चोच वासून. अंजलीने वही उघडली आणि लिहू लागली.

"अंजलीअक्का," विठोजी म्हणाले, "ते एक धरू नका. त्याला मी खायला घालत होतो."

तिचा हात थांबला. "किती दिवस?"

"अकरा."

"मग वजन का सांगत होतात मला? लपवायचं होतं तर तेही कमी सांगायचं."

"वजन खोटं कसं सांगू?"

तिने त्या ओळीवर आडवी रेघ मारली, खाली जगलेल्या पिल्लांच्या बेरजेच्या जागी शून्य लिहिलं, आणि वही मिटून बोटीकडे चालू लागली. विठोजींना वाटलं होतं ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. परतीच्या वाटेवर तिने फक्त एवढंच विचारलं, की त्याचे आईबाप शेवटचे कधी दिसले. नऊ दिवसांपूर्वी, ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुक्काम हलवायचा होता. विठोजी शेवटचं बेटावर गेले, जवळ होतं तेवढं सगळं पिल्लाला चारलं. उडायला त्याला अजून तीन आठवडे तरी लागले असते. कोया महिन्यातून एखादवेळी त्या बाजूला जायचा. बरोबर नेता येणार नव्हतं. ते कायद्यात बसत नव्हतं आणि बेंगळूरात ते जगणारही नव्हतं. बोट सुटली तेव्हा पिल्लू पाण्याच्या कडेपर्यंत त्यांच्या मागे आलं आणि तिथे थांबलं. विठोजी दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले. मान फिरवायचा आपल्याला अधिकार नाही असं त्यांना वाटलं.

घरी आल्यावर ते दोन दिवस कामावर गेले नाहीत. जमनाबाईने विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, खायला घातल्याचंही. ती ऐकत फॉलला टाके घालत होती. चुकलंच तुमचं, ती शेवटी म्हणाली, पण मीही घातलं असतं.

जुलैमध्ये अंजलीच्या संस्थेत तिचं टिपण वाचलं गेलं. भीमाचार्य गेले, विठोजीही मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना शून्य पटत नव्हतं. एकशेचाळीसातलं एकही पिल्लू जगलं नाही असं होत नाही, एकजण म्हणाला. साथ आली असेल, नाहीतर तुम्ही रोज हाताळल्याने आईबाप पळाले असतील, नाहीतर उन्हानेच मेली असतील. अंजलीने सांगितलं की एक पिल्लू जगलं होतं, पण त्याला आमच्याकडून खाणं दिलं गेलं, म्हणून मोजलेलं नाही. कुणी दिलं ते तिने सांगितलं नाही. तेव्हा विठोजी उभे राहिले आणि कानडीत म्हणाले की मी दिलं.

खोलीत सगळे मागे वळले. पहिल्या रांगेत सूर्यकांत नावाचे एक वयस्क शास्त्रज्ञ होते; त्यांनी विठोजींना विचारलं की त्या पिल्लाला सावली केली होती का. नाही, विठोजी म्हणाले. बाकीच्यांसारखंच रोज हाताळत होतात? हो. बाकीच्या पिल्लांच्या शेजारीच होतं? हो, वीतभर अंतरावर.

"मग साथ नव्हती," सूर्यकांत इतरांकडे वळून म्हणाले. "ऊन नव्हतं, हाताळणंही नव्हतं. ज्याला खायला मिळालं ते जगलं. या मुलीचं शून्य बरोबर आहे."

त्यावर कुणी वाद घातला नाही. टिपण मान्य झालं. बाहेर पडताना भीमाचार्यांनी विठोजींच्या खांद्यावर हात ठेवला, आणि अंजली म्हणाली की अण्णा, तुमच्यामुळे झालं. विठोजींनी मान हलवली. त्यांना वाटत होतं की कुणीतरी उठून हे खोटं ठरवावं. साथ होती असं निघालं असतं तर ती एकदाची येऊन गेली म्हणता आलं असतं.

पुढच्या वर्षी, १९९९च्या मार्चमध्ये, ते दोघं पुन्हा गेले. या वेळी जमनाबाईने अडवलं नाही. पाणी दीड अंशाने गार होतं आणि बारीक लाटा होत्या. सुरय आले होते. पण बेटाच्या मधोमध, जिथे गेल्या वर्षी खुंटी ठोकायला जागा शोधावी लागत होती, तिथून विठोजी सरळ चालत गेले आणि त्यांच्या पायाखाली एकही अंडं आलं नाही. कडेकडेने काही शे घरटी होती. त्यातली पिल्लं खात होती, वाढत होती. अंजलीने आनंदाने आकडे लिहिले, आणि विठोजींनाही आनंद झाला नाही असं नाही. कोयाने त्यांना पुन्हा पोवळ्यांवरून नेलं. पांढरं काही राहिलं नव्हतं. मेलेल्या पोवळ्यांवर आता करड्या शेवाळाचा थर होता, आणि मासे फार थोडे.

एके दुपारी बोटीच्या सावलीत बसल्यावर विठोजींनी विचारलं की पाणी आता पुन्हा कधी तापेल.

"सांगता येत नाही," अंजली म्हणाली. "जुन्या नोंदी पाहिल्या तर एवढं तापायला मध्ये बरीच वर्षं जायची."

"आणि आता?"

तिने दोरी वर ओढून तापमापक बघितला. सकाळपेक्षा आकडा थोडा वर होता. दुपारची वेळ होती, म्हणून असेल, ती म्हणाली. तिने तो लिहून घेतला, दोरी पुन्हा खाली सोडली, आणि विठोजी पिशवी घेऊन पुढच्या खुंटीकडे गेले.